कोडीच्या अलीकडे

धारवाडच्या कोर्टातले शिरस्तेदार विठ्ठलराव यांच्या घरात सव्वीस वर्षं काढूनही अंबूताईंनी हुबळीची देवरकेरी पाहिलेली नव्हती. हुबळीला त्या वर्षातून चारदा तरी जात. पण स्टेशनातून टांगा, टांग्यातून नणंदेचं घर, तिथलं लग्न नाहीतर बारसं, आणि परत स्टेशन, एवढीच त्यांची हुबळी. केरी म्हणजे तळं. देवरकेरीच्या घाटावर दर मंगळवारी बाजार भरतो आणि तिथं मिळत नाही अशी वस्तू हुबळीत मिळत नाही, हे त्यांनी नणंदेच्या, गोदूबाईंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की एकोणीसशे छत्तीसच्या भाद्रपदात गोदूबाईंचं कार्ड आलं तेव्हा त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. कुसुमची लग्नानंतरची पहिली गौर चार दिवसांवर आलेली. लेकीला खण घ्यायचा तो देवरकेरीवरच.

"वन्सं, आज मी घरात बसायची नाही," टांग्यातून उतरता उतरताच त्या म्हणाल्या. "पिशवी घ्या नि चला."

गोदूबाई त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या, कापडवाल्याच्या घरातल्या, बोलायला फटकळ. "चहा तरी घेशील की नाही, अंबू? बाजार काय पळून जातोय?"

"आल्यावर घेऊ."

सकाळचे नऊ वाजले असतील. त्या वर्षी श्रावण नुसता कोसळला होता. पण गेले दोन दिवस उघडीप होती आणि सगळ्या गावानं जणू उन्हाची संधी साधून घाट गाठला होता. घाट जुना, काळ्या दगडाचा. किती जुना ते कुणालाच सांगता येत नव्हतं. पायऱ्यांच्या कडा माणसांच्या पायांनी गुळगुळीत झाल्या होत्या. वरच्या रुंद पायऱ्यांवर गुळेदगुड्डचे खण आणि इलकल लुगडी पसरलेली, त्याखाली ब्याडगी मिरच्यांचे लालभडक ढीग, मग बोगारांची तांब्यापितळेची भांडी, मग काथ्याच्या दोरांची वेटोळी, बांगड्या, सुपं, चुरमुरे. एका कडेला वडाला पार. त्या पारावर कुणी केसरी मोठ्यानं वाचत होतं, कुणी कन्नड पेपर, आणि दोहोंच्या मधोमध बाळाचार्य पुराणिक पोथी उघडून बसले होते. ते मराठीत सुरुवात करीत, अर्थ कानडीत सांगत आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाचं काही अडत नसे.

अंबूताईंनी खण घेतला, अंजिरी रंगाचा, रुंद काठाचा. घासाघीस अशी केली की गोदूबाई, ज्यांचं सासर तीन पिढ्या कापड विकत आलं होतं, त्यासुद्धा गप्प बसल्या. पण खण पिशवीत पडला तरी अंबूताईंचं पाऊल घराकडे वळेना. त्या पायऱ्या उतरत खाली, अगदी पाण्यापर्यंत गेल्या.

पाणी त्यांनी असं, डोळाभर, किती वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांचं माहेर कुरुंदवाडचं. कृष्णेच्या घाटावर त्यांचं बालपण गेलं. काकांनी त्यांना सहाव्या वर्षी उपड्या घागरीवर पालथं घालून पोहायला शिकवलं होतं आणि दहाव्या वर्षी पुरात. पूर चढला की वरून लाकडं वाहून येत, ओंडके, वासे, कधी अख्खं झाड. काका कमरेला दोर बांधून उडी घेत आणि ओंडका घेऊन येत. चौदाव्या वर्षापर्यंत अंबूनं असे अकरा ओंडके आणले होते. मग लग्न झालं, धारवाडला आल्या, आणि आंघोळीला एक बादली पाणी मिळालं तर पुष्कळ.

"काय बघतेस एवढं?" गोदूबाईंनी विचारलं.

"पाणी चाललंय, वन्सं."

"तळ्याचं पाणी कुठं जाणार?"

"बघा की, तो फेस बघा. डावीकडे निघालाय."

डावीकडे, बांधाच्या टोकाला, कोडी होती. तळं भरलं की जादा पाणी जिथून बाहेर पडतं तो दगडी सांडवा. यंदा कोडीवरून मांडीएवढं पाणी धो धो उडत होतं आणि पलीकडे दोन पुरुष खोल, उघड्या खडकांवर आदळत होतं. त्याचा आवाज घाटापर्यंत येत होता, पण बाजाराच्या गलक्यात तो कुणाच्या कानावर पडत नव्हता.

तेवढ्यात पाण्यावरून किंकाळी आली.

पलीकडच्या काठावर भाजीचे मळे होते. तिथल्या बायका दर मंगळवारी मारुती अंबिगेराच्या हरगोलातून, म्हणजे त्या टोपलीसारख्या गोल नावेतून, भाजी घेऊन येत. आजही चौघी बसल्या होत्या, मेथी-राजगिऱ्याच्या जुड्यांच्या ढिगात. तळ्याच्या मध्यावर आल्यावर मारुतीचं वल्हं मोडलं. नाव ढकलावी म्हणून त्यानं पाण्यात उडी घेतली, तर नाव गर्रकन फिरली आणि तिची कड त्याच्या कपाळावर बसली. आता तो एका हातानं कड धरून लोंबकळत होता, अर्धा शुद्धीवर, अर्धा नाही. नाव हळूहळू, पण न थांबता, कोडीकडे निघाली होती. बायका जुड्या पाण्यात फेकत होत्या, नाव हलकी व्हावी म्हणून.

सगळा बाजार पायऱ्यांवर धावला. जो तो ओरडत होता, कुणी मराठीत, कुणी कानडीत. पण पाण्यात उतरायला कुणी तयार नव्हतं. हुबळी कोरड्या मुलखातलं गाव. पोहता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतला एक, तालमीतला प्रभंजन, पंचविशीतला धिप्पाड गडी, त्यानं धोतर खोचलं आणि घाटावरून सरळ नावेच्या दिशेनं झेप घेतली. हात जोरकस होते, पण तो नावेच्या मागं लागला होता, आणि नाव जसजशी कोडीजवळ सरकत होती तसतशी तिची गती वाढत होती. अंतर कमी होण्याऐवजी वाढत गेलं. शेवटी ओढीनं त्यालाही खेचलं. पाण्यात बुडालेल्या एका बाभळीची फांदी हाती लागली म्हणून तो तिथंच चिकटून राहिला.

अंबूताईंनी हे सगळं पाहिलं आणि त्यांना एकदम सगळं स्पष्ट दिसलं. वाहत्या ओंडक्याच्या मागं पोहत जायचं नसतं. त्याच्या वाटेवर आधी जाऊन थांबायचं असतं.

त्यांनी पिशवी गोदूबाईंच्या हातात दिली. "ही धरा."

"अंबू! काय करतेस?"

उत्तर द्यायला त्या तिथं नव्हत्याच. दोरवाल्याच्या पुढ्यातली काथ्याच्या दोराची तीन वेटोळी त्यांनी उचलली, बोगाराच्या पुढ्यातली सर्वांत मोठी पितळी घागर काखेत घेतली, आणि बांधावरून कोडीच्या दिशेनं चालत सुटल्या. मागोमाग माणसं धावली. चालता चालताच त्यांनी तीन दोर एकमेकांना गाठले. कृष्णेची गाठ, ओली झाली की आवळत जाणारी. कोडीच्या पन्नासेक पावलं अलीकडे त्या थांबल्या. पदर कमरेला घट्ट गुंडाळला, कासोटा आवळला, दोराचं टोक कमरेला सुरगाठीनं बांधलं.

"अहो बाई," मागून धापा टाकत बाळाचार्य आले होते, पोथी अजून हातातच. "हे काय आरंभलंय? चांगल्या घरच्या बाईमाणसानं भर बाजारात..."

"आचार्य, पोथी खाली ठेवा," अंबूताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. पण कोर्टाच्या शिरस्तेदाराला सव्वीस वर्षं वेळेवर जेवायला बसवणाऱ्या बाईचा तो आवाज होता. "हा दोर धरा. तुम्ही सगळे धरा, दहा-बारा जण. आणि इथं नाही उभं राहायचं. मागं जा, घाटाकडे. मी हात वर केला की ओढायचं. त्याआधी नाही. कळलं?"

बाळाचार्यांनी पोथी उपरण्यात गुंडाळून दगडावर ठेवली आणि दोर धरला. "हग्ग हिडीरी!" ते मागच्या गर्दीवर ओरडले. "अरे, बघता काय? दोर धरा!"

अंबूताई पाण्यात शिरल्या.

पाणी गार होतं आणि गढूळ. पहिल्या चार हातांत त्यांना वाटलं, अंग विसरलं असेल. पाचव्या हाताला कळलं, अंग काहीच विसरलेलं नाही. घागर छातीखाली, पाय मागं सरळ, नजर नावेवर. कोडीची ओढ पायाला जाणवत होती, डावीकडे, सारखी डावीकडे. तिच्याशी भांडायचं नाही, तिरकं जायचं. मधूनच नऊवारी पायात येई, त्या पायानंच झटकत. भीती नव्हती असं नाही, पण भीतीला जागा नव्हती. मनात एकच हिशेब चालू होता: नाव अजून चाळीस हात, मी अजून वीस.

नाव फिरत फिरत आली. अंबूताई बरोबर तिच्या वाटेत होत्या. घागर त्यांनी पुढं लोटली. नाव तिच्यावर हलकीशी आपटली आणि त्याच क्षणी त्यांनी कड पकडली. समोर चार पांढरेफटक चेहरे. चौघीही एका बाजूला, त्यांच्याकडे, धावल्या आणि नाव कलंडायला लागली.

"बसा!" अंबूताई गरजल्या. "कूडरी! खाली बसा, मधोमध!"

त्या बसल्या. चौघींतली सर्वांत थोराड, यल्लव्वा, तेवढी भानावर होती. अंबूताईंनी एका हातानं कमरेची गाठ सोडली आणि दोर तिच्या हातात दिला. "ह्या बसायच्या आडव्या फळीला बांध. दोन वेढे. घट्ट."

यल्लव्वाचे हात रोज जुड्या बांधणारे. दोन वेढे आणि गाठ पडली. कोडीचा आवाज आता इतका मोठा झाला होता की बोललेलं ऐकू येईना. अंबूताईंनी मारुतीच्या काखेतून एक हात घालून तोच फळीच्या दोरात अडकवला, आणि मग दुसरा हात उंच वर केला.

दोर ताणला गेला. नाव थबकली, डगमगली. एक क्षण असा गेला की ना पुढं ना मागं. मग ती वळली आणि मोठा अर्धा वळसा घेत, इंच इंच करत, बांधाकडे यायला लागली. काठावर दोर धरणाऱ्यांत कोण नव्हतं! मिरचीवाले होते, बोगार होता, कमरीपेठेतले दोन विणकर होते, एक वकील होते, आणि सर्वांत पुढं, पदर खोचून, टाचा चिखलात रोवून, "यळीरी! बिडब्याड्री!" ओढा, सोडू नका, असं बेंबीच्या देठापासून ओरडत गोदूबाई होत्या. खणाची पिशवी त्यांच्या गळ्यात लटकत होती.

मारुतीला वर घेतलं. त्याच्या कपाळाला खोक पडली होती, पण तो बोलत होता. प्रभंजनला दुसरा दोर टाकून बाभळीवरून काढलं. बायका चिखलात बसून रडल्या, मग हसल्या. अंबूताई बांधावर बसून केसांतलं पाणी पिळत होत्या. त्यांना भूक लागली होती.

"माझी घागर?" बोगार म्हणाला, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटून गप्प झाला. घागर कोडीवरून गेली होती.

"घागर तुमची फार चांगली होती," अंबूताई म्हणाल्या. "अशीच दुसरी काढून ठेवा. लागेल."

त्या संध्याकाळी धारवाडला उतरल्या त्या गोदूबाईंच्या लुगड्यात. बातमी त्यांच्या आधीच्या गाडीनं पोचली होती. कोर्टातला एक कारकून बाजाराला गेला होता. विठ्ठलराव सोप्यात खुर्चीवर बसले होते, हातात पेपर, पण तो उलटा धरलेला.

"ऐकलं ते खरं?"

"काय ऐकलंत त्यावर आहे."

"की तू तळ्यात उडी घेतलीस. सगळ्या हुबळीसमोर."

"उडी नाही घेतली. चालत शिरले," अंबूताई म्हणाल्या. "उडी घेतली की दम आधीच जातो."

बायको पोहते हे विठ्ठलरावांना ठाऊकच नव्हतं. लग्नात कुणी सांगितलं नव्हतं आणि नंतर विचारायचा प्रसंग आला नव्हता. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. "पाणी फार गार होतं का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन स्वतःच्या हातांनी सुंठीचा काढा करायला घेतला. सुंठ कुठल्या डब्यात आहे ते त्यांना सापडलं नाही ही गोष्ट वेगळी.

इथंच हे संपलं असतं. चार दिवस लोक बोलले असते आणि विसरले असते. पण गौरी गेल्या आणि एका सकाळी शिरस्तेदारांच्या दारात यल्लव्वा उभी. डोक्यावर मेथीची पाटी, बरोबर आणखी दोघी. हुबळीहून पहिल्या गाडीनं आल्या होत्या. पाटी ओट्यावर उतरवून ती म्हणाली, "अक्का, नमगू ईसाक कलसरी." आम्हालाही पोहायला शिकवा.

"दर मंगळवारी त्या नावेत बसतो," ती पुढं म्हणाली, अर्धं कानडी, अर्धं मराठी. "आई बसायची, आजी बसायची. खाली पाणी, आणि आम्हाला ते काय ते ठाऊक नाही. प्रत्येक वेळी तुम्ही थोड्याच येणार?"

अंबूताईंनी तिला आत बोलावलं, गूळ-पाणी दिलं. "येत्या मंगळवारपासून," त्या म्हणाल्या. "सकाळी सातला. अंगावर जुनं लुगडं, आणि प्रत्येकीनं आपली घागर आणायची."

विठ्ठलरावांनी हे आतून ऐकलं होतं. त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "शिरस्तेदाराची बायको घाटावर बायकांना पोहायला शिकवते. लोक काय म्हणतील, विचार केलायस?"

"लोक दोर ओढत होते," अंबूताई म्हणाल्या. "त्यांना काही म्हणायचं असतं तर तेव्हाच म्हणाले असते. भात वाढू?"

त्यांनी वाढून घेतला. मंगळवारी सकाळी सहाच्या गाडीचं तिकीट काढायला ते स्वतः स्टेशनावर आले.

पहिल्या मंगळवारी सात जणी होत्या. घाटाची कडेची बारा पायऱ्यांची जागा अंबूताईंनी निवडली, जिथं पाणी छातीएवढं आणि कोडीपासून लांब. काही भल्या माणसांनी सुचवलं, की इथं कापडाचा पडदा लावावा. गोदूबाईंच्या दुकानातून ठाणही आलं होतं. अंबूताईंनी ते परत पाठवलं. "पडदा लावला तर कोण बुडतंय ते काठावरून दिसायचं नाही," त्या म्हणाल्या. बाळाचार्यांनी पारावरून एक उपाय काढला. पोथी सुरू करण्याआधी ते श्रोत्यांना सांगत, "आज सगळ्यांनी वडाकडे तोंड करून बसायचं. कथा तिकडे आहे." आणि कथा खरोखरच इतकी रंगवून सांगत, की मान वळवायला कुणाला सवड मिळत नसे.

शिकवणं काही सोपं नव्हतं. एकीला पाण्यात चेहरा घालवेना, दुसरी घागर सोडेना. यल्लव्वाची थोरली सून पहिल्याच दिवशी दोन घोट पाणी पिऊन बाहेर पळाली आणि तीन आठवडे आली नाही. अंबूताईंनी कुणाला चुचकारलं नाही की रागावलं नाही. त्या छातीभर पाण्यात उभ्या राहत, हाताचे पंजे एकीच्या पोटाखाली देत आणि सांगत, "पाणी तुला धरतंय. मी नाही धरलेलं. हे बघ, मी हात काढला."

आश्विनात बारा जणी झाल्या. कमरीपेठेतल्या विणकरांच्या बायका आल्या, एका डॉक्टरांची सून आली. कार्तिकात गोदूबाई एक दिवस सकाळी घाटावर आल्या, हातात घरची घागर, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "मी फक्त पाय बुडवून बसणार आहे." त्या तशाच बसल्या, त्या मंगळवारी आणि पुढच्या प्रत्येक मंगळवारी, आणि तिथून सगळ्यांच्या चुका काढत राहिल्या.

पौषात पाणी शांत झालं, कोडी कोरडी पडली. माघाच्या पहिल्या मंगळवारी यल्लव्वा म्हणाली, "अक्का, आज मी पलीकडे जाते."

"नावेतून?"

"नाही."

पलीकडचा काठ म्हणजे पावणेदोनशे हात. अंबूताईंनी एकवार तिच्याकडे पाहिलं, एकवार पाण्याकडे. "मारुतीला नाव घेऊन शेजारून चालू दे," त्या म्हणाल्या. "घागर नेऊ नकोस. दमलीस तर उताणी पड, आभाळ बघ. घाई करायची नाही."

यल्लव्वा निघाली. मारुती तिच्या डाव्या अंगाला, नवं वल्हं धरून, कपाळावरचा व्रण चोळत. बाजार अजून पुरता मांडलाही नव्हता. मिरचीवाल्यांनी पोती तशीच ठेवली, पेपर वाचणाऱ्यांचा आवाज बंद पडला, आणि पारावरचे श्रोते, वडाकडे तोंड करायचं विसरून, उठून उभे राहिले. बाळाचार्यही उभे राहिले. मध्यावर ती थांबली, उताणी झाली, थोडा वेळ तशीच तरंगली. काठावर कुणी श्वास घेईना. मग ती पुन्हा वळली आणि हात मारू लागली, सावकाश, एकसारखे.

पलीकडे चिखलात तिचे पाय टेकले. ती उभी राहिली, गुडघाभर गाळात, आपल्याच मळ्याच्या बांधासमोर, आणि दोन्ही हात वर करून इतक्या मोठ्यानं ओरडली की वडावरचे बगळे उडाले. काय ओरडली ते घाटावर कुणालाच नीट कळलं नाही. पण सगळा घाट त्याला ओ देत होता.

अंबूताईंनी डोळ्यावर आडवा हात धरून तिला पाहिलं, मान डोलावली, आणि मागं वळल्या. पायरीवर डॉक्टरांची सून घागर धरून उभी होती.

"चल," अंबूताई म्हणाल्या. "आता तू. घागर तिथंच ठेव."